मॉनिटरचा तुरा

मिस्त्रींनी आयुष्यभर शिवणयंत्रं दुरुस्त केली. त्या काळी घरोघरी लाकडी झाकणाचं एक तरी यंत्र असायचंच, आणि ते अडलं की घरातली बाई अशी कासावीस व्हायची की जणू घरचं माणूस अंथरुणाला खिळलंय. मग मिस्त्रींना निरोप जायचा. मिस्त्री यायचे, चाक दोनदा फिरवायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, "आत शटल घासतंय." उघडून बघावं तर शटलच घासलेलं. लोक म्हणायचे, कान असावेत तर असे.

डोळ्यांबद्दल कोणी काही म्हणत नसे, आणि ते मिस्त्रींच्या पथ्यावरच पडत होतं. कारण मिस्त्रींना लाल आणि हिरवा या दोन रंगांत फरक दिसत नसे. दोन्ही आपले मातकट. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची आई. आणि आई जाऊन आता वीस वर्षं झाली होती.

माणूस हुशार असला की उणीव झाकायच्या युक्त्या आपोआप सुचतात. यंत्र तपासताना मिस्त्री कायम पांढऱ्या कापडावर काळा दोरा घालायचे. "टाका स्वच्छ दिसतो," असं गंभीरपणे सांगायचे. ते ऐकून बाजारातले बाकीचे कारागीरही तसंच करायला लागले. टोमॅटो ते दाबून दाबून घ्यायचे. तरी पिशवीत एखादा कच्चा निघायचाच. "भाजीवाल्यानं फसवलं," मिस्त्री म्हणायचे. "तुम्हाला पाळण्यातलं मूलही फसवेल," त्यांची बायको म्हणायची आणि तो टोमॅटो खिडकीत पिकायला ठेवायची.

बायको शाळेत शिकवायची, म्हणून सगळी गल्ली तिला बाई म्हणायची. एवढ्या वर्षांत मिस्त्रींनी तिला हे का सांगितलं नाही, त्याला कारण होतं. कारण म्हणजे एक स्वेटर.

झालं होतं असं, की बाईंच्या आईचं यंत्र अडलं म्हणून सव्वीस वर्षांचे मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन त्यांच्या घरी गेले. बाई नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. स्वतः विणलेला नवा स्वेटर घालून त्या चहा घेऊन आल्या. काहीतरी बोलायला हवं, म्हणून मिस्त्री धीर करून म्हणाले, "हिरवा रंग तुम्हाला फार छान दिसतो."

स्वेटर लाल होता. साधासुधा नाही, लालभडक.

बाई इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. शाळेत दिवसभर चेहरा कडक ठेवावा लागतो, घरी तरी हसवणारा माणूस हवा, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. चार महिन्यांत लग्न झालं. लग्नाच्या जेवणात बाईंनी तो किस्सा सगळ्यांना सांगितला, "चेहऱ्यावरची रेघ हलली नाही हो यांच्या! लाल स्वेटरला म्हणतात हिरवा!" तेव्हा कुठे मिस्त्रींना कळलं, की तो लाल होता. त्यानंतर त्रेचाळीस वर्षं, पाहुणे आले की चहाबरोबर तो किस्सा यायचा. दरवेळी मिस्त्री खाली मान घालून हसायचे. पाहुण्यांना वाटायचं, काय हा विनयशील माणूस!

आता सांगा, कुठल्या तोंडानं सांगणार?

बाई निवृत्त झाल्या आणि वर्गाविना त्यांना करमेना. त्यांनी मागच्या अंगणात सहा कोंबड्या आणल्या. खुराडं मिस्त्रींनी बांधलं, खाचेत खाच बसवून, एक खिळा न ठोकता. सहाही कोंबड्या तपकिरी, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. बाईंनी त्यांच्या पायांत वेगवेगळ्या रंगांच्या कड्या घातल्या आणि नावं ठेवली वर्गातली. मॉनिटर, रडूबाई, चुगलखोर, उशिरा येणारी, शेवटचा बाक आणि नवी मुलगी. रोज सकाळी खुराड्याचं दार उघडून बाई हजेरी घ्यायच्या. मॉनिटर सगळ्यांत आधी बाहेर यायची आणि बाईंच्या चपलेवर एक टोच मारायची. ती तिची हजेरी. अंडं घातलं की ती असा काही गलबला करायची, की शेजारपाजाऱ्यांना वेळ कळायची. बाईंचा जीव सगळ्यांवर होता, पण मॉनिटरवर जरा जास्त. तसं त्यांनी कधी कबूल केलं नसतं. शिक्षिकेनं असं करू नये.

मग बाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवस वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, खुराड्याच्या आसपास तर फिरकायचंच नाही.

"म्हणजे पंधरा दिवस वर्ग यांच्या ताब्यात?" बाईंनी डॉक्टरांना विचारलं, आणि मिस्त्रींकडे असं पाहिलं, की डॉक्टरांनाही त्यांची कीव आली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाईंनी सूचना लिहून खुराड्याच्या दारावर चिकटवल्या. अक्षर मोत्यासारखं.

"रोज सकाळी तुरा पाहणे. लालबुंद असल्यास ठीक. फिकट असल्यास मला सांगणे. जांभळट असल्यास पळत येऊन सांगणे.

विष्ठा पाहणे. तपकिरी, वर पांढरी टोपी असल्यास ठीक. हिरवी असल्यास मला सांगणे. रक्त असल्यास पळत येऊन सांगणे.

लाल कडी मॉनिटर, हिरवी कडी रडूबाई. दोघींना एका भांड्यात खायला देऊ नये."

मिस्त्रींनी तो कागद एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. एकही ओळ त्यांच्या कामाची नव्हती.

कड्यांचं त्यांना काही वाटलं नाही. मॉनिटर उजवा पाय जरा आपटून टाकायची आणि रडूबाईचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा होता. अंधारातही ओळखल्या असत्या. प्रश्न तुऱ्याचा होता.

"काय म्हणतात तुरे?" पहिल्या दिवशी खोलीतून बाईंनी विचारलं. डोळ्याला काळा चष्मा, हात मांडीवर, पाठ ताठ. खोलीची खिडकी अंगणात उघडत होती, पण खुराडं भिंतीच्या पलीकडच्या कोपऱ्यात; तिथून दिसत नसे.

"लाल," मिस्त्री म्हणाले.

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

दुसऱ्या दिवशी लाल, तिसऱ्या दिवशी लाल. पाचव्या दिवशी तुरे मिस्त्रींना अधिक उजळ वाटले. आता उजळ म्हणजे चांगलंच, नाही का? यंत्रही घासूनपुसून उजळ होतं. त्यांनी आनंदानं बातमी दिली, "आज तर जास्तच उजळ आहेत! मॉनिटरचा तर विचारूच नकोस."

"लालभडक?"

"असंच काहीसं."

"मग अंडी का कमी?" बाईंनी भुवया उंचावल्या. "पाचाची काल तीन झाली. आज?"

"दोन."

"तुरा लालभडक आणि अंडी दोन? उजळणी घ्यायला हवी तुमची. पाणी वेळेवर देता ना? का सगळी दुपार रेडिओ उघडून बसता?"

"देतो गं."

"मग पिसं झडायचे दिवस आले असतील. तुरा लाल आहे ना, मग काळजी नाही."

मिस्त्रींना मात्र काळजी वाटायला लागली होती, आणि ती कानांनी आणली होती. मॉनिटरनं दोन दिवस गलबला केला नव्हता. बाकीच्याही कुजबुजल्यासारख्या बोलत होत्या. दुसरी एक गोष्ट त्यांना खटकत होती. तिन्हीसांजेला एरवी आपापल्या पायांनी आत जाऊन दांडीवर बसणाऱ्या पोरी आता खुराड्यात पाऊल टाकायला तयार नव्हत्या. लिंबाच्या झाडाखाली घोळका करून उभ्या राहायच्या, शाळेत न जायचा हट्ट धरल्यासारख्या. मिस्त्री एकेकीला उचलून आत ठेवायचे आणि त्या रात्रभर आत पाय बदलत बसायच्या. आणि मिस्त्रींच्या मनगटांना खाज सुटली होती ती वेगळीच.

"साबण बदलला का तुम्ही?" बाई म्हणाल्या. "घामोळं असेल. बोरिक लावा."

सातव्या दिवशी मिस्त्रींनी स्वयंपाकघरातला टोमॅटो उचलला. हा नक्की पिकलेला, बाईंनी स्वतः निवडलेला. तो घेऊन ते खुराड्याशी गेले, मॉनिटरला काखेत धरलं आणि टोमॅटो तिच्या डोक्याशी लावून पाहू लागले. दोन्ही मातकटच. पण एक मातकट दुसऱ्यापेक्षा बरंच उजळ आहे, हे त्यांना कळलं. कुठलं चांगलं, ते कळेना.

नेमकी त्या वेळी फाटकाशी टपालवाली आली.

"काका, हे काय चाललंय?"

"काही नाही. तुम्ही मला एक सांगा," मिस्त्री सहज विचारल्यासारखं म्हणाले, "हिचा रंग तुम्हाला कसा वाटतो?"

टपालवालीनं कोंबडीकडे पाहिलं, टोमॅटोकडे पाहिलं, मिस्त्रींकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "तपकिरी," ती म्हणाली. "सही करा इथे." आणि मागे न बघता निघून गेली. पुढच्या दोन घरांत तिनं काय सांगितलं असेल, ते देवच जाणे.

आठव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर मॉनिटर बाहेरच आली नाही. कोपऱ्यात पिसं फुलवून, मान आत ओढून, डोळे अर्धे मिटून बसली होती. मिस्त्रींनी तिला उचललं. हातात कोंबडी नव्हती, पिसांची पिशवी होती. त्यांनी आपली चप्पल तिच्यापुढे धरली. तिनं टोच मारली नाही.

मिस्त्री तिथेच ओट्यावर बसले. आत जाऊन पुन्हा "लाल" म्हणायचं, तर मॉनिटर संध्याकाळ काही बघत नाही. आणि खरं सांगायचं, तर त्रेचाळीस वर्षांचा स्वेटर उसवायचा. बाईंच्या माहेरचं घर विकलं गेलं, ते यंत्रही कुठे गेलं कोण जाणे. त्या दिवसातलं उरलं होतं काय, तर तेवढं हसू. मॉनिटरनं त्यांच्या हातावर मान टाकली. मिस्त्री उठले.

"ऐक," ते दारातच म्हणाले. "त्या तुऱ्याचं."

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "जांभळा झाला?"

"बस, बस. झाला की नाही तेच मला कळत नाही."

"म्हणजे पाहिला नाहीत?"

"पाहिला. रोज पाहतो. पण मला लाल आणि हिरवं सारखंच दिसतं. वेगळं असं काही दिसत नाही."

"कधीपासून?"

"जन्मल्यापासून."

रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं, ते दोघांनीही नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे ते टोमॅटो," बाई हळूच म्हणाल्या.

"हो."

"आणि भाजीवाल्याला मी भर बाजारात बोलले होते."

"हो."

"आणि पुढच्या खोलीची भिंत? पडद्याला जुळणारा रंग आणा म्हटलं, तर..."

"हो गं, तीसुद्धा."

बाईंच्या चेहऱ्यावर आणखी काहीतरी उमटायला लागलं. मिस्त्रींना ते ओळखू आलं आणि त्यांनी खांदे आवळून घेतले. पण बाईंनी ते मधेच थांबवलं.

"आधी कोंबडी आणा," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी मी नंतर बोलते." शाळा सुटल्यावर थांब, असं मुलांना सांगायच्या, अगदी त्याच आवाजात.

मिस्त्रींनी मॉनिटरला खोक्यात घालून आणलं आणि खोकं उंच टेबलावर ठेवलं, म्हणजे वाकायला नको. बाईंनी काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला सगळे रंग नवे, धुऊन वाळत घातल्यासारखे दिसत होते. भिंत कशी दिसत होती त्याबद्दल त्या अजून काही बोलल्या नव्हत्या, एवढंच. त्यांनी खोक्यात पाहिलं.

"अगं बाई! खडू आहे हा खडू! पांढराफटक. अहो, हिच्या अंगात रक्तच नाही."

"मला वाटलं उजळ झाला."

"उजळच झालाय! वर्षभर उपाशी ठेवलं तर तुम्हीही उजळ व्हाल." मग त्या विचार करू लागल्या. "रक्त जातंय कुठे हिचं? जखम नाही. विष्ठेत? ते तुम्हाला विचारून उपयोग नाही. दुसरं काय पाहिलंत? पाहिलंत नको, ऐकलंत ते सांगा."

आता मिस्त्रींची गाडी रुळावर आली. गलबला बंद झाल्याचं त्यांनी सांगितलं. संध्याकाळी पोरी आत जात नाहीत, रात्री आत पाय वाजत राहतात, तेही सांगितलं. बोलता बोलता मनगट खाजवलं.

"थांबा. हात दाखवा." बाईंनी मनगट उजेडात धरलं. "हे घामोळं नाही. चावलंय काहीतरी. पांढरा रुमाल घ्या, आणि दांडीची टोकं खाचेत बसतात ना, तिथे खालच्या बाजूनं पुसून आणा."

मिस्त्री गेले आणि आले. "मळ आहे. तेलकट डाग."

"हा लाल डाग आहे," बाई म्हणाल्या. "हे आपल्या पोरींचं रक्त आहे."

मिस्त्रींनी आपलं जुनं भिंग काढलं, ज्यातून ते सुईचं टोक तपासायचे, आणि खाचेत डोकावले. खाचेत राख सांडल्यासारखं दिसत होतं. मग ती राख चालायला लागली. खसखशीपेक्षा बारीक किडे, दिवसा फटीत दडायचे आणि रात्री दांडीवर चढून झोपलेल्या कोंबड्यांचं रक्त प्यायचे. ज्या खाचांचा मिस्त्रींना एवढा अभिमान, तिथेच त्यांनी बिऱ्हाड थाटलं होतं.

बाईंनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर निघाल्या बाईंच्याच एके काळच्या विद्यार्थिनी. त्यांनी सगळं ऐकून औषधाचे थेंब पाठवून दिले, किती आणि कुठे घालायचे ते सांगितलं, त्या दिवसांतली अंडी खायची नाहीत असं बजावलं. "पण बाई, नुसत्या औषधानं भागायचं नाही. खुराडं मुळापासून साफ करावं लागेल. आणि सात दिवसांनी पुन्हा एकदा. अंडी फुटून नवे किडे निघतात."

"मुळापासून," बाई मिस्त्रींना म्हणाल्या. "जमेल?"

जमेल का म्हणे! मिस्त्रींनी खुराडं असं उकललं, जसं बिघडलेलं यंत्र उकलावं. फळीन् फळी सुटी करून अंगणात क्रमानं मांडली. खालचा भुसा जाळला. प्रत्येक फळीवर उकळतं पाणी ओतलं, दात घासायच्या ब्रशनं खाचा घासल्या, उन्हात वाळवल्या. फटी लाकडात भरायच्या लांबीनं बुजवल्या. शेवटी तेलाची ती लांब चोचीची डबी आणली आणि दांडीच्या दोन्ही टोकांना, सांध्यासांध्यात, तेलाचा थर दिला.

"आता यायचं असेल तर पोहून या म्हणावं," ते खिडकीशी येऊन म्हणाले.

बाई हसणार होत्या, पण त्यांना आठवलं की आपण अजून बोललेलो नाही. त्यांनी चष्मा सारखा केला.

मॉनिटर कोठीच्या खोलीत वेगळी ठेवली होती, ऊबदार खोक्यात. मिस्त्री तासातासाला तिच्या चोचीशी पाणी धरायचे, ओला दाणा बोटावर घ्यायचे. बाई उभ्यानं डोकावून रंग सांगायच्या. "खडू." दुसऱ्या दिवशी, "खडूच." तिसऱ्या दिवशी, "खडू, पण जरा वापरलेला." मिस्त्री तिला रोज तळहातावर तोलायचे. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "दोन चमचे वाढली."

बाकीच्या पाचजणी दुसऱ्याच संध्याकाळी आपल्या आपण आत जाऊन बसल्या. उशिरा येणारी उशिरा गेली, पण गेली.

सफाईनंतर सातव्या दिवशी मिस्त्रींनी सगळं पुन्हा उकललं. रुमाल फिरवला आणि निमूटपणे बाईंना नेऊन दिला. बाईंनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. "कोरा," त्या म्हणाल्या. पंधरा दिवस संपले होते. त्या अंगणात येऊन खुर्चीवर बसल्या आणि मिस्त्रींना समोर बसायची खूण केली.

"आता बोलू या."

"बोल."

"स्वेटर."

मिस्त्रींनी खाली मान घातली. या वेळी हसले नाहीत.

"म्हणजे तो विनोद नव्हता."

"नव्हता. मला तो खरंच हिरवा वाटला होता."

"मी तुमच्या त्या विनोदावर लग्न केलं! माझी मैत्रीण म्हणाली होती, यंत्रवाला माणूस आहे, जरा विचार कर. मी म्हटलं, अगं, पण किती हजरजबाबी आहे!"

"लग्नाच्या जेवणातच सांगणार होतो. पण तू इतकी हसत होतीस."

बाई बराच वेळ लिंबाच्या झाडाकडे पाहत बसल्या. नव्या डोळ्याला ते फारच हिरवं दिसत असणार.

"पण नंतर मी पुष्कळ विनोद केले की," मिस्त्री चाचरत म्हणाले. "ते सगळे खरे होते."

"होते," बाई म्हणाल्या. "पण त्याची सर एकालाही नव्हती."

तेवढ्यात कोठीच्या खोलीतून आवाज आला. आधी एक खरखर, बंद पडलेलं चाक फिरवावं तशी. मग थांबली. मग पुन्हा, आणि मग सगळ्या गल्लीला वेळ कळावी असा गलबला सुरू झाला.

मिस्त्री उठून धावले. बाई, डॉक्टरांची परवानगी असल्याचं दोनदा बजावून, त्यांच्या मागून गेल्या. मॉनिटर खोक्याच्या कडेवर चढून उभी होती. खोक्यात अंडं काही नव्हतं. नुसतीच ओरडत होती. तिनं उडी मारली, उजवा पाय आपटत आली आणि बाईंच्या चपलेवर टोच मारली.

"तुरा कसा आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

बाईंनी तिला उचललं, उजेडात धरलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाल्या,

"हिरवागार."